आतली कडी

वस्तीत तिला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे तिला भोंगेबाई म्हणत. नदी चढायला लागली की समितीने दिलेला बॅटरीचा भोंगा खांद्याला अडकवायचा, सातही ओळी पालथ्या घालायच्या आणि "घरं सोडा, वरच्या शाळेत चला" असं ओरडून माणसं बाहेर काढायची, हे तिचं काम. पगार नव्हता. एक रेनकोट मिळाला होता आणि मान मिळाला होता. रेनकोट पहिल्याच पावसात गळायला लागला. मान मात्र तिने पाच वर्षं जिवापाड सांभाळला, आणि तो कसा गेला तीच ही हकिगत.

पूर्वी हे काम दहा-बारा वर्षांतून एकदा निघायचं. म्हाताऱ्यांना पुराची सालं तोंडपाठ असत. अमकीचं लग्न मोठ्या पुराच्या साली, तमक्याचा जन्म त्याच्या पुढच्या साली, अशी सगळ्यांची वयं पुरावरून निघायची. आता पूर वर्षात तीनदा येतो आणि कुठल्या महिन्यात येईल याचा काही नेम नाही. वयं काढायची तर कशावरून? त्यात उन्हाळ्यात समुद्राचं पाणी नदीतून उलटं आत शिरायला लागलं. शेतं पांढरी पडली, विहिरी खारट झाल्या, आणि पुरुष कामासाठी लांबच्या शहरांत निघून गेले. आधी एकेकटे, मग झुंडीने. सात ओळींत धडधाकट पुरुष राहिले मोजून अकरा, आणि त्यातले चार संध्याकाळी पाचनंतर धडधाकट नसायचे.

पुरुष गेले तशी वस्तीत एक गोष्ट गुपचूप वाढत गेली. दारांच्या कड्या. एकेका दाराला दोन-दोन, कुणाकडे तीन. भोंगेबाईच्या दाराला खाली एक साधी होती आणि वर एक पितळी, चांगली वीतभर लांब. ती तिच्या नवऱ्याने जायच्या आदल्या दिवशी बसवली होती. "आता मला काळजी नाही," असं म्हणून तो गेला. त्याला खरोखरच काळजी नव्हती. चार वर्षांत त्याचा फोन नाही.

त्या दिवशी सकाळी साडेआठला समितीचा निरोप आला. वरून पाणी सुटलंय, खालून भरती आहे, नदीकाठचा मातीचा बांध दुपारी तीनपर्यंत टिकेल, त्याच्या आत ओळी रिकाम्या करा. भोंगेबाई लगेच निघाली. पहिल्या ओळीपासून सातव्यापर्यंत गेली, परत पहिल्या ओळीला आली. दोन तास घसा फोडला. पाऊस झिम्माड कोसळत होता आणि दारं मात्र बंदच्या बंद. फटींतून डोळे दिसायचे आणि हलायचे. म्हातारे निघाले, काही बायका लहान पोरांना कडेवर घेऊन निघाल्या, पण ज्या घरांत तरण्या बायका नि मुली होत्या तिथून एक माणूस हलेना.

शेवटी तिसऱ्या ओळीतून कोंबडीवाली बाहेर आली. दोन्ही हातांत टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या.

"तू तरी निघालीस गं बाई," भोंगेबाई म्हणाली.

"माझ्या कोंबड्यांना पोहता येत नाही, म्हणून निघाले. मला येतं."

"आणि बाकीच्या? बाकीच्यांना काय झालंय? कानांत बोळे घातलेत का?"

कोंबडीवालीने इकडेतिकडे पाहिलं. एरवी तिच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, पण आता ती शब्द तोलून बोलली. "ऐकू सगळ्यांना येतंय. मला विचारू नकोस. तुझ्या बहिणीला विचार." आणि ती चढाला लागली.

भोंगेबाईची थोरली बहीण चौथ्या ओळीच्या टोकाला राहायची, बांधापासून शंभर पावलांवर. शिवणकाम करायची. कारखान्यातून शर्टांचे तुकडे यायचे, ती कॉलर आणि कफ शिवून परत पाठवायची. नवरा दूर कुठेतरी इमारती बांधायला गेलेला. घरात ती आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी. मुलीला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर अंगाने तशी, आणि दुसरं म्हणजे आईला मदत करताना ओठांत पाच-सहा टाचण्या धरून ती अखंड बडबडायची. एकही टाचणी कधी पडली नाही. भोंगेबाईला पोरबाळ नव्हतं. जो काही जीव होता तो या टाचणीवर.

"ताई, दार उघड."

आत खुडबुड झाली. मग कड्या निघाल्या. एक. दोन. तीन. तिसरी कडी कधी लावली, असं भोंगेबाईच्या मनात आलं आणि गेलं.

आत मशीन विटांवर चढवलेलं होतं. ताई खाटेवर बसून कफ शिवत होती, जसं काही बाहेर नुसती सर आहे. टाचणी खिडकीखाली बसली होती. ओठांत टाचण्या होत्या. बडबड नव्हती. ती गेल्या पुरापासूनच बंद झाली होती, आणि भोंगेबाईने त्याचं कारण ठरवून टाकलं होतं की पोरगी मोठी झाली, शांत झाली.

"अजून बसलीस? तीनच्या आत ओळ रिकामी करायची आहे."

"कर की. आम्ही खाटेवर बसू."

"खाटेवर? या वेळी पाणी छपराला लागेल. डोकं फिरलंय का तुझं?"

"मागच्या वेळी निघालोच होतो ना," ताई सुई सरकवत म्हणाली. "तुझ्या एका हाकेसरशी."

भोंगेबाईचा पारा चढला. "मग? वाईट झालं का काही? मी काय हौसेने ओरडत फिरते? पावसात कुत्र्यासारखी भिजते ती कुणासाठी? आणि तुम्ही असे दारं लावून..."

तेवढ्यात टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक करून उशीला टोचल्या. आणि मावशीकडे न बघता, पण मावशीच्याच आवाजात, भोंग्यातून यावा तसा प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाली, "सर्व तरुण मुलींनी लक्ष द्यावे. साबण आणि कपडे मागच्या सामानाच्या खोलीत मिळतील. एकेकीने यावे. गर्दी करू नये."

भोंगेबाईला ते शब्द ओळखीचे वाटले. मग आठवलं. मागच्या पुरात, शाळेत, दुसऱ्या दिवशी दुपारी. बिल्लेवाल्याने चिठ्ठी हातात दिली होती. हा समितीचा माणूस, छातीवर गोल बिल्ला, शाळेच्या सगळ्या किल्ल्या याच्या कमरेला. चिठ्ठ्या यायच्याच. पाणी उकळून प्या, बाळांचं दूध दहा वाजता, चपला बाहेर काढा. ती वाचायची. तीही तिने वाचली होती, दोनदा, स्पष्ट, कारण पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मागच्या खोल्यांपर्यंत ऐकू जायला हवं होतं.

"एकेकीने," ताई म्हणाली. तिचा हात कफावर थांबला होता. "ही तिसरी होती. आधीच्या दोघी दुसऱ्या ओळीतल्या. तो आतच होता. ही आत गेल्यावर त्याने दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला."

टाचणी खिडकीबाहेर पावसाकडे बघत राहिली. भोंगेबाई उंबऱ्यावर बसली. ओरडावं की रडावं, तिला काही कळेना. तोंडात भोंग्याच्या रबराची चव आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तुझ्या हातात तर त्यांचा भोंगा."

"पोलिसांत..."

"कुठल्या पोलिसांत? पुरात नावेतून फक्त खाण्याची पाकिटं येतात. आणि नंतर गेले असते तर पहिल्यांदा विचारलं असतं, मुलगी त्या खोलीत का गेली? काय सांगू? मावशीने बोलावलं म्हणून?" ताईने दोरा दातांनी तोडला. "वस्तीत सगळ्या बायांना माहीत आहे. तुझ्या तोंडावर कोण बोलणार? तू त्या दिवशी टाळ्या वाजवत होतीस."

ते टाळ्यांचं खरं होतं. मागच्या पुरानंतर कुणीतरी वरच्या कार्यालयात निनावी पत्र धाडलं होतं. मग समितीची बैठक झाली, चहा झाला, ठराव झाला: बायांच्या सुरक्षिततेसाठी बायांच्या खोलीला नवी भक्कम कडी बसवावी. कडी बसवली. बाहेरून! शाळेच्या खोल्यांना कड्या बाहेरूनच असतात. आतून असल्या तर पोरं आत बसून मास्तरांना बाहेर ठेवतात. सुरक्षितता हवी म्हणाल्या, तर दिली, आणि कुलपाची किल्ली बिल्लेवाल्याच्या कमरेला लावली. दारावर "सुरक्षित कक्ष" अशी पाटी रंगवली, फोटो काढला, आणि फोटोत भोंगेबाई टाळ्या वाजवत होती. कडी कुठल्या बाजूला आहे हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वतःच्या दाराला दोन कड्या असलेल्या बाईच्या!

"ताई, चल. मी दारात बसते. मी कुणाला..."

"तू बसशील आणि तुला चिठ्ठी येईल. मग तू उठशील." ताईचा आवाज चढला नाही. "त्या खोलीला आतून कडी लाव. स्वतः लाव, समितीच्या हातून नको. मग आम्ही येतो. तोवर पाणी छपराला लागो नाहीतर ढगाला."

भोंगेबाई उठली आणि धावत सुटली. घड्याळात पावणेबारा झाले होते.

दुकानं सगळी बंद, नवी कडी आणणार कुठून? ती घरी गेली. भोंग्यासोबत बॅटरीचं झाकण उघडायला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर मिळाला होता, तेवढंच हत्यार. नवऱ्याच्या पितळी कडीचे स्क्रू चार वर्षांत गंजून बसले होते. दोन निघाले, तिसऱ्याला स्क्रू ड्रायव्हरची दांडी वाकली, मग तिने भाजीच्या सुरीचं टोक घातलं आणि दातओठ खाऊन पिळलं. सुरी मोडली, बोट कापलं, स्क्रू निघाला. कडी, तिचा कोयंडा आणि सहाही स्क्रू रुमालात बांधून ती निघाली तेव्हा दार मागे वाऱ्याने आपटत होतं. तिने ओढूनही घेतलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात बिल्लेवाला टेबल टाकून बसला होता. समोर नावांची यादी. यादी अर्धी रिकामी होती म्हणून तो वैतागला होता.

"कुठे होतात? लोक येत नाहीत आणि तुम्ही गायब. ही घ्या, वाचा." त्याने चिठ्ठी पुढे केली.

तिने चिठ्ठी घेतली नाही. "बायांच्या खोलीला आतून कडी बसवायची आहे."

"कडी आहे की. नवीन आहे."

"बाहेरून आहे."

"शाळेचं दार आहे, ते भोकं पाडायला नाही. परवानगी लागते. अध्यक्षांना विचारावं लागेल." त्याने खिशातून फोन काढला, कानाला लावला, परत खिशात ठेवला. "लागत नाही. लाइन गेली. पूर ओसरल्यावर अर्ज द्या."

तो इतक्या सरळ चेहऱ्याने बोलला की क्षणभर भोंगेबाईला वाटलं, ताईची काही चूक तर होत नाही ना? पाच वर्षं ज्याच्या हातून चिठ्ठ्या घेतल्या तो हाच माणूस. मग तिला टाचणीचा तो सुटा सुटा आवाज आठवला आणि तिची तिलाच लाज वाटली.

ती टेबलाला वळसा घालून खोलीकडे निघाली. तो उठून आडवा आला. दोन्ही हात दाराच्या चौकटीला. "बाई, मी सांगतोय ना. सरकारी मालमत्ता आहे. उद्या नुकसान तुमच्या नावावर लागेल."

"लागू दे."

"भोंगा काढून घेईन."

त्या क्षणी भोंगेबाई अडखळली, हे खोटं नाही. भोंगा गेला तर तिचं उरत काय होतं? ती तशीच उभी राहिली आणि व्हरांड्यातलं घड्याळ टिकटिकत राहिलं. त्याला काही घाई नव्हती. तो कोरड्या जागेत उभा होता.

कोंडी फोडली ती कोंबडीवालीने. टोपल्या खाली ठेवून ती पुढे आली. "साहेब, तुमच्या घराला आतून कडी आहे का हो?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाही, सहज विचारलं. असेल तर तुमचं घर पण सरकारी मालमत्ता करून टाकू. मग आमच्यासारखं बाहेरून लावून घ्या."

व्हरांड्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या हसल्या. हसता हसता उठल्या आणि दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी त्याला हातही लावला नाही. नुसत्या त्याच्या अंगाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि बिल्लेवाल्याला चौकट सोडावी लागली. शाळेचा म्हातारा शिपाई इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो गुपचूप उठला, घंटा बडवायची हातोडी आणि एक मोठा खिळा घेऊन आला.

"लाकूड जुनं आहे, स्क्रू सरळ जायचा नाही," तो म्हणाला. "आधी खिळ्याने भोक पाड. मी दार धरतो."

सहा भोकं, सहा स्क्रू. वाकलेल्या दांडीने स्क्रू निम्मा जाई आणि घसरे. कापलेल्या बोटाचं रक्त पितळेवर लागत होतं. कडी पहिल्यांदा तिरकी बसली, कोयंड्यात शिरेना. काढून पुन्हा लावावी लागली. शेवटी ती सरकली आणि खट्ट करून बसली तेव्हा दीड वाजून गेला होता. पावणेदोन तास. ते पुढे भोंगेबाईने इतक्या वेळा मोजले की त्यातलं एकेक मिनिट तिला पाठ झालं. बिल्लेवाला दारात उभा होता ती वीस मिनिटं, गंजलेल्या स्क्रूची वीस, तिरक्या बसलेल्या कडीची पंचवीस.

तिने खोलीत पाण्याचा पिंप ठेवला, एका कोपऱ्यात पडदा लावून बादली ठेवली, म्हणजे कुणाला बाहेर यायला नको. मग शाळेच्या पायऱ्यांवर उभी राहिली. तिथून खालच्या सातही ओळी दिसत. भोंगा तोंडाला लावला. या वेळी हातात चिठ्ठी नव्हती.

"बायांनो, ऐका. बायांच्या खोलीला आतून कडी लावली आहे. मी माझ्या हाताने लावली आहे, माझ्या दाराची काढून. कडी तुमच्या हातात राहील, कुलूप कुणाच्या नाही. आणि दुसरं ऐका. कुणीही एकटीने मागच्या खोलीत जायचं नाही. साबणासाठी नाही, कपड्यांसाठी नाही. भोंग्यावरून सांगितलं तरी नाही. माझ्या आवाजात सांगितलं तरी नाही. मागे मी सांगितलं होतं. ती चूक माझी होती."

मागे यादीवर टेकलेलं बिल्लेवाल्याचं पेन थांबलं. भोंगेबाईने वळून पाहिलं नाही. तिने कुणा मुलीचं नाव घेतलं नव्हतं, कुणा पुरुषाचंही नाही, पण पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या सगळ्या एकदम त्याच्याकडे बघू लागल्या.

खाली एक दार उघडलं. मग तीन. मग ओळीच्या ओळी उघडायला लागल्या आणि बायका डोक्यावर गाठोडी घेऊन, मुलींना मधे घालून चढाकडे निघाल्या. भोंगेबाई त्यांच्या उलट्या दिशेने धावली.

चौथ्या ओळीत पाणी गुडघ्याला लागत होतं. ताई दारातच उभी होती.

"आतून?"

"आतून."

"तू लावलीस?"

भोंगेबाईने कापलेलं बोट दाखवलं. ताईने ते हातात घेतलं, क्षणभर धरलं, आणि सोडलं. इतक्या महिन्यांत तिने बहिणीला पहिल्यांदाच हात लावला होता. भोंगेबाईला वाटलं, इथेच हिच्या गळ्यात पडून रडून घ्यावं. पण पाणी थांबायला तयार नव्हतं.

"हिला घेऊन पुढे हो," ताई म्हणाली. "मी मशीनचं डोकं सोडवते आणि आलेच. ते गेलं तर पूर ओसरून उपयोग काय? दोनच बोल्ट आहेत."

"मशीन राहू दे गं..."

"तू हो पुढे. दहा मिनिटं." मग तिने मुलीची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडे वळवला. "आत गेलीस की कडीपाशीच बस. ओळखीची बाई आली तर अंधार पडेपर्यंत घे. अंधार पडला की कुणासाठी नाही. मला उशीर झाला तर मी येऊन हाक मारीन, तेव्हा उघड. माझी हाक ऐकल्याशिवाय नाही. मावशी म्हणाली तरी नाही. कळलं?"

टाचणीने मान हलवली.

रस्त्यात ती मावशीच्या दोन पावलं मागून चालली. हात दिला तर तिने घेतला नाही. वाटेतल्या खोलगटात पाणी मांडीला लागलं तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"स्क्रू किती आहेत?"

"सहा. चार कडीचे, दोन कोयंड्याचे."

"सगळे घट्ट?"

"एक थोडा हलतो. पाच घट्ट."

"खोटं नाही बोललीस," टाचणी म्हणाली, आणि मग तिने हात धरला.

खोलीत तिने सगळ्यांत आधी कडी तपासली. तीनदा लावली, तीनदा काढली. मग दाराला पाठ लावून खाली बसली. कोंबडीवालीने कोंबड्या तिच्याजवळ आणून ठेवल्या. "यांच्यावर पण लक्ष ठेव. यांच्यातही एक कोंबडा फार आगाऊ आहे." टाचणीच्या ओठांचा कोपरा हलला. हसू म्हणावं इतकं ते नव्हतं, पण भोंगेबाईने ते पाहिलं आणि लगेच ताईला आणायला वळली.

ती शाळेच्या पायऱ्या उतरत असताना बांध फुटला. तीन वाजायला वीस मिनिटं होती. आधी एक घरघर आली, मग चौथ्या ओळीच्या टोकाचे पत्रे हलले, आणि मग तिथे पाण्याशिवाय काही दिसेना. चढावर उभ्या असलेल्या नाववाल्यांनी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती त्यांना चावली, नखांनी ओरबाडलं, शिव्या दिल्या. ते म्हणाले, या ओढीत नाव घातली तर नावही जाईल, थोडं थांबा. मग तिने भोंगा तोंडाला लावला आणि पाण्याच्या काठावरून हाका मारत राहिली. "ताई! वर चढ! छपरावर चढ! ताई!" बॅटरी संपेपर्यंत मारल्या. बॅटरी संपल्यावर नुसत्या तोंडाने मारल्या.

उजाडल्यावर पाऊस थांबला आणि नाववाले जाऊन आले. ताई तिच्या दारातच सापडली होती. मशीनचं डोकं चादरीत गुंडाळून तिने पाठीला बांधलेलं होतं. दाराच्या तिन्ही कड्या काढलेल्या होत्या. ती निघालीच होती.

त्यांनी तिला शाळेच्या पुढच्या व्हरांड्यात आणून ठेवलं आणि कुणीतरी तिच्यावर ताडपत्री घातली. भोंगेबाई तिच्याजवळ बसून राहिली. रडून झालं होतं. त्या पावणेदोन तासांतलं एखादा पाव तास कुठून तरी परत मिळाला असता तर! जे सहा स्क्रू शाळा बांधली तेव्हाच त्या दाराला लागायला हवे होते, त्यांच्यासाठी तिची बहीण गेली होती.

बिल्लेवाला आला. बिल्ला छातीवर तसाच होता. "वाईट झालं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खाण्याची पाकिटं आलीत. बायांना सांगा, एकेक..." तो अडखळला. "रांगेत या म्हणावं."

भोंगेबाईने भोंगा खांद्यावरून काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "संपली बॅटरी," ती म्हणाली आणि आत गेली.

बायांच्या खोलीचं दार बंद होतं. आत कोंबड्या कुरकुरत होत्या, एक बाळ रडत होतं, चाळीसएक बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. चाळीसजणींनी त्या रात्री झोप घेतली होती. तिने दारावर थाप मारली. आतलं बोलणं एकदम थांबलं.

"मी आहे. दार उघड, टाचणे."

"मावशी?" आवाज अगदी खालून, दाराला टेकूनच आला. "आई आहे सोबत?"

सात ओळींना पुरेल असा भोंगेबाईचा आवाज. तो आता एका फळीपलीकडे जाईना. बाहेरूनच सांगावं तर चाळीस बायकांमधे पोरीला ते कळणार होतं, दाराच्या लाकडातून, पुन्हा याच आवाजात. ते तिच्याने होईना. दार उघडलं असतं तर निदान जवळ घेऊन सांगता आलं असतं.

"तू दार उघड. मग सांगते."

कुणी बाई म्हणाली, "उघड गं, मावशीच आहे." पण कडी सरकल्याचा आवाज आला नाही.

"आईने सांगितलंय, तिच्या हाकेशिवाय नाही," टाचणी म्हणाली. मागच्या पुरापासून तिचा आवाज इतका स्वच्छ कधी आला नव्हता. "आणि तूच म्हणालीस ना, तुझ्या आवाजात सांगितलं तरी नाही."

भोंगेबाई दाराला कपाळ टेकवून उभी राहिली. मग हळूहळू खाली बसली. आता दोघींच्या पाठी एकाच फळीला टेकल्या होत्या, एक आतून, एक बाहेरून.

"मावशी, तिचा घसा बसला असेल तर असू दे," आतून टाचणी म्हणाली. "हळू हाक मारली तरी चालेल म्हणावं. मी कडीवर हात ठेवूनच बसले आहे."